बारावी खुर्ची आणि आत्याबाईचे मोजे

वर्षातून एका दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेब लोकांचे पाय धुतात, आणि त्या दिवशी सकाळपासून लोक घरी बसून पाय धूत असतात.

थट्टा नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवसाची, गुरुवारची ही उपासना. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला टॉवेल बांधला, पाणी घेतलं आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. देवाने माणसाच्या पायाशी बसावं, ही कल्पना जगातल्या एकाही राजाला सुचली नसती. पण आमच्या कुरखेड्याकडच्या माणसाला तिच्यात एकच अडचण दिसते. देव पायाशी बसणार, तर पाय नकोत का स्वच्छ? म्हणून बारा जणांत ज्याचं नाव आलं तो पहाटेच दगड घेऊन टाचा घासायला बसतो. धानाच्या बांधीत जन्म गेलेल्या टाचा त्या, त्यांच्या भेगांमध्ये मागच्या तीन हंगामांचा चिखल असतो. दगड, साबण, नारळाची शेंडी आणि शेवटी खोबरेल तेल. एका वर्षी मी तर बायकोच्या पावडरीचा डबा पायांवर पालथा केला. पाळकांनी वरून पाणी ओतलं आणि माझ्या पायांवर पिठलं झालं.

एवढं करूनही आत जायला मिळेलच असं नव्हतं. चर्चच्या अंगणातल्या हातपंपापाशी माझी आत्याबाई उभी असायची. वडिलांची मोठी बहीण, सत्तरी पार केलेली, विधवा, मूलबाळ नाही. मिशनच्या जुन्या दवाखान्यात चाळीस वर्षं तिने लोकांच्या जखमा धुतल्या. दवाखाना बंद पडला, पण तिची नजर चालूच राहिली. पाय धुण्याच्या दिवशी पाणी कोमट करणं, घंगाळ घासणं, टॉवेलांच्या घड्या घालणं ही सगळी कामं तिची, आणि बारा जणांचे पाय तपासणं हेही तिनेच स्वतःकडे घेतलेलं.

"हे काय आहे गा बोटाच्या मधात? पाळकसायेबाले वावर दाखवतो का? जा, पंपावर जा."

अशी शिस्त. आत पाळकांच्या वाट्याला यायचे ते तेल लावलेले, चकचकीत पाय. ते दोन थेंब पाणी शिंपडायचे आणि टॉवेल टेकवायचे. पंधरा मिनिटांत विधी संपायचा आणि सगळ्यांना फार पवित्र वाटायचं. मी मंडळीचा सचिव, शिवाय हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. अभिनय मला ओळखू येतो. या विधीत आम्ही सगळेच उत्तम अभिनय करत होतो, हे मला वीस वर्षं दिसत होतं. बोलत मात्र नव्हतो, कारण माझं नाव दर वर्षी यादीत असायचं.

मग आमच्या भागात हत्ती आले. छत्तीसगडकडून कळप उतरला, धान तुडवू लागला, आणि अंधार पडल्यावर रस्त्याने जायची सोय उरली नाही. वाघाची भीती होतीच, पण वाघाशी आमची जुनी ओळख. हत्ती म्हणजे नवे पाहुणे, त्यांचा स्वभाव कोणाला ठाऊक? मंडळीच्या पंचांनी मागच्या वर्षी ठरवलं की गुरुवारची संध्याकाळची उपासना सकाळी अकराला घ्यायची. शेवटचं भोजन सकाळी अकराला करणारी मंडळी पृथ्वीच्या पाठीवर आमचीच असावी.

त्याच वर्षी, त्या गुरुवारच्या महिनाभर आधी, आत्याबाई मोजे घालू लागली. हिरवे, लोकरीचे, कोणीतरी नाताळात दिलेले. मार्चचं ऊन, कौलावर पापड भाजावा असं, आणि ही मोज्यांत.

"आत्याबाई, मोजे काऊन घातले व या उन्हात?"

"फॅशन होय. तुले नाई समजत."

"आणि लंगडून काऊन राह्यली?"

"तेही फॅशन होय."

मी हसलो. दोन दिवसांनी तिच्या ओट्यावर बसलो असताना शेजारचं कुत्रं येऊन तिच्या डाव्या मोज्याला नाक लावून बसलं. तिने काठीने हाकललं, ते पुन्हा आलं. तेव्हा माझ्याही नाकाला कळलं, आणि माझं हसू गेलं.

आमच्या शेजारच्या बौद्ध घरातली मुलगी आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. ती आत्याबाईच्या कडेवर वाढलेली, इंजेक्शन कसं धरायचं हेही तिच्याकडूनच शिकलेली. मी तिला बोलावलं. तिने गोडीगुलाबीने बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर एवढी चढलेली होती की सिस्टरने यंत्र दोनदा पाहिलं.

"तुयी मशीन बिगडली," आत्याबाई म्हणाली.

"मोजा काढ ना आजी. दुखते का?"

"काई दुखत नाई. बांबूची खुटी लागली होती, झालं. चाळीस वर्षं मी लोकायच्या जखमा धुतल्या, मले शिकवतं का पोरी?"

बाहेर आल्यावर सिस्टर मला म्हणाली, "भाऊ, दुखत नाई हेच वाईट. आत चिघळत गेलं तर आधी बोटं जातील, मग पाय. लवकर गडचिरोलीला न्या."

लवकर कसं नेणार? मी सांगून पाहिलं, बायकोने रडून पाहिलं. उचलून नेऊ म्हटलं, तर आत्याबाईने कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडे फक्त एकदा पाहिलं. खरी गोष्ट एका दुपारी ती जात्याशी बोलावं तशी पुटपुटली, "दाखवलं का कापतात. मी पाह्यलं आहे. पाय गेल्यावर माणूस दुसऱ्याच्या हातचं होते." ही बाई कोणाच्या घरी जेवायला जाताना स्वतःची भाजी घेऊन जाते. तापात पडली तरी पाणी भरून ठेवून मग पडते. तिला पाय जाण्यापेक्षा कोणीतरी आपलं काही करेल याचीच जास्त भीती होती. त्या भीतीपायीच तो पाय जाणार होता.

मी पाळकांकडे गेलो. नवे, तरुण पाळक, वरोऱ्याकडचे, कापसाच्या काळ्या मातीतले. आमच्याकडे त्यांचा तो पहिलाच उन्हाळा. मी माझी योजना मांडली, अगदी नाटकात पाटलाची जमीन हडपताना मांडतो तशी, आवाज खाली करून. बारा जणांच्या यादीत या वर्षी अकराच नावं वाचायची. बारावी खुर्ची मोकळी. अकरा जणांचे पाय झाले की तुम्ही घंगाळ घेऊन आत्याबाईसमोर जायचं. भर मंडळीत, कमरेला टॉवेल बांधलेल्या पाळकाला ती नाही कशी म्हणेल?

पाळकांनी हातातलं शास्त्र मिटलं.

"हे कपट नाही का होत? विधी म्हणजे काही उंदराचा पिंजरा नाही."

"साहेब, प्रभूने तरी कुठे आधी विचारलं होतं? जेवता जेवता उठला आणि टॉवेलच बांधला."

"त्या बारा जणांत बाई नव्हती, असं कोणी म्हटलं तर?"

"म्हणणारा आहेच. मीच तुम्हाला विचारून घेतो. काय उत्तर द्याल?"

ते हसले. "त्या संध्याकाळी स्वयंपाक कोणी केला होता, असं विचारेन." मग गंभीर झाले. "पण एक गोष्ट. त्या नाही म्हणाल्या तर नाही. मी पाय ओढणार नाही."

मी कबूल केलं. खलनायकालाही कधी कधी सज्जनाच्या अटी मान्य कराव्या लागतात.

रविवारी मी यादी वाचली. अकराव्या नावानंतर असा थांबलो, की नाटकात असतो तर त्या थांबण्यावर बक्षीस मिळालं असतं. आत्याबाई तेवढ्यात ओरडली, "बारावा कोण? का मोजता येत नाई?" मी म्हटलं, "बारावा वेळेवर येईल."

आता सगळं ठरल्यासारखं झालं असं वाटलं. पण मोहाची झाडं आमच्या मंडळीच्या सभेला हजर नव्हती.

त्या आठवड्यात मोह असा फुलला की म्हातारी माणसंही म्हणाली, असं बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. मोहफुलं पहाटे गळतात. लोक झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून ठेवतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं उठून दिसतात. त्या राखेत अनवाणी फिरत, वाकून वाकून वेचायची. फुलांचा रस चिकट, त्यावर राख बसते. पायांची काय अवस्था होते ते सांगायला नको. गुरुवारची उपासना संध्याकाळी होती तोवर लोक घरी जाऊन घासूनपुसून यायचे. सकाळी अकराला मात्र कुठला वेळ? एवढी फुलं पडलेली टाकून कोण येतो?

साडेदहाला चर्चमध्ये यादीतले आम्ही पाच जण होतो, चकचकीत. मी चमकणाऱ्या पायांकडे पाहत घाम पुसत होतो. सिस्टर मागच्या बाकावर येऊन बसली होती, पिशवीत पट्ट्या आणि औषध घेऊन. पावणेअकराला रानाच्या वाटेने माणसं आली. डोक्यावर टोपल्या, कपाळावर घाम, आणि घोट्यापर्यंत काळेकुट्ट पाय. त्यांच्यात यादीतले चार पुरुष होते, बाकी बाया. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे मोहाचा वास आला की माणसं सवयीने आधी इकडेतिकडे बघतात. त्या दिवशी अख्खं अंगण दरवळत होतं.

आत्याबाई पंपापाशी काठी आडवी धरून उभी.

"हे पाय होत का चुलीतले लाकडं? एकही जण आत नाई जाणार. धुवा आधी!"

"धुतो ना बाई, सरक," म्हणत पुढे आली ती मावशी. आत्याबाईची लहानपणची मैत्रीण, तिच्याच वयाची, अजून रानात जाणारी. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. तिने पंपाचा दांडा धरला, तेवढ्यात पाळक पांढरा झगा सावरत बाहेर आले.

"पंपाला हात लावू नका कोणी," ते म्हणाले. "आत्याबाई, तुम्ही यांचे पाय इथेच धुऊन पाठवले तर मी आत काय धुऊ?"

"घाण पाय का देवाले दाखवायचे असतात?"

पाळकांनाही एकदम त्यांच्या गावची बोली आली. "मग कोणाले दाखवायचे, बाई?"

आत्याबाईने आडवी काठी बाजूला घेतली. हा चमत्कार मी पन्नाशीत पहिल्यांदाच पाहिला.

काळे पाय आत आले. फरशीवर ठसे उमटत गेले, चर्चच्या दारापासून थेट वेदीपर्यंत. यादीतले दोघे रानातच राहिले होते, तेव्हा पाळक म्हणाले, "जे आले आहेत त्यांनी बसावं." मावशी टोपली खाली ठेवून सरळ खुर्चीवर जाऊन बसली, तिची सून तिच्या शेजारी. आजवर तिथे बाई बसली नव्हती. स्वयंपाकाचा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. पण आणखी एकजण बाराव्या खुर्चीकडे निघाली होती. मी झेप घेऊन खुर्चीची पाठ धरली.

"ही नको! मोडकी आहे ही!"

पाळकांनी बाह्या वर केल्या आणि पहिल्या काळ्या पायाशी बसले. दोन थेंबांनी भागलं नाही. त्यांना घासावं लागलं. पहिल्या पायातच पाणी शाईसारखं झालं. "पाणी!" त्यांनी हाक मारली आणि आत्याबाई लंगडत दुसरं घंगाळ घेऊन आली. पुन्हा "पाणी!" पुन्हा ती. पाळकांचा झगा गुडघ्यापर्यंत काळा झाला, कपाळावरचा घाम नाकावरून टपकायला लागला. एका शेतकऱ्याला गुदगुल्या झाल्या आणि तो "नका ना साहेब!" म्हणत असा खिदळला की सगळी मंडळी हसली. आणि हसता हसताच मागून कोणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. राख निघून खालची कातडी दिसायची, भेगा, कुरूप, जुने व्रण. वीस वर्षांत आम्ही एकमेकांचे पाय पाहिलेच नव्हते. आम्ही तेल पाहिलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या गोऱ्यागोमट्या टाचा पुढे केल्या. पाळकांनी पाहिलं, एक थेंब शिंपडला आणि हळूच म्हणाले, "तुमचं झालेलंच आहे." एवढी लाज मला नाटकातला संवाद विसरल्यावरही वाटली नव्हती.

मग ते उठले, ताजं पाणी घेतलं, आणि आत्याबाईसमोर गुडघे टेकून बसले.

"आत्याबाई, बसता का?"

ती एक पाऊल मागे सरली. "मी काऊन? मी पाणी देणारी."

"पाणी देणाऱ्याचे पाय कोण धुतं?"

"माये पाय चांगले आहेत जी. आणि त्या गोष्टीतबी तो कोळी शिष्य नाई म्हटला होता. माये पाय कधीच धुवायचे नाई, म्हटला होता. मले सारं पाठ आहे."

"पाठ आहे ना?" पाळक हळूच म्हणाले. "मग पुढे काय झालं?"

आत्याबाईने घंगाळाकडे पाहिलं. शास्त्र तिला खरंच पाठ होतं, आणि त्यात खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मग बसला," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी माझा नाटकातला आवाज काढला, "आत्याबाई, हा क्षण..."

"तू चूप बस बे! हे नाटक कोणं बसवलं ते मले समजत नाई का? मोडकी खुर्ची मले ठेवली काय?"

पडदा पडला असं मला वाटलं. पाळकांनी शब्द दिल्याप्रमाणे हात मागे घेतला. ते नुसते बसून राहिले, घंगाळ पुढ्यात, मान खाली. तेव्हा मावशी तिच्या खुर्चीवरून बोलली, ओल्या पायांनीच.

"काय व बाई! आमचे कोळशासारखे पाय साऱ्या गावानं पाह्यले. तुये कोणते सोन्याचे लागून गेले, का झाकून ठेवतं?"

आत्याबाईने मैत्रिणीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं, काठीने ती दोनदा ठोकून पाहिली, आणि बसली. मोजा तिने स्वतःच काढला. खाली लुगड्याची चिंधी होती, तीही तिनेच सोडली.

अंगठ्याखाली जखम होती, रुपयाएवढी, कडा पांढऱ्या, आत काळी. वास आला. पाळकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी रंगभूमीवर तीस वर्षं काढली आहेत, पण तसा चेहरा मला कधी जमला नाही, कारण तो अभिनय नव्हता. त्यांनी तळहाताने पाणी घेतलं.

"असं नाई!" आत्याबाई कडाडली. "मधातून बाहेर पुसा. बाहेरची घाण आत नेता का? हं. आता असं. हळू."

देवाच्या सेवकाला जखम धुवायला शिकवत ती बसली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला मात्र तिला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी तिने खुर्ची धरली होती. सिस्टर पुढे येऊन तिच्याजवळ बसली. आत्याबाईने अगदी बारीक आवाजात विचारलं, "कापतीन का व?"

"आज गेलो तर नाई, आजी."

"आज?"

"आत्ताच."

"उपाशी नाई जात मी," ती म्हणाली. मग प्रभुभोजन झालं. भाकर आणि भिजवलेल्या मनुकांचा रस, पायाला पांढरी पट्टी, आणि खुर्ची तीच, मोडकी. बाहेर मोहाची पोती न्यायला एक बोलेरो आली होती. पोती उतरली, आत्याबाई चढली. गडचिरोलीपर्यंत ती मला एकच गोष्ट ऐकवत होती, की माझं नाटक किती टुकार होतं आणि यादी वाचताना थांबायला मला कोणी सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय वाचवायचं बोलता आलं नसतं. ती तिथे महिनाभर राहिली. पाय वाचला, अख्खा, पाची बोटांसह. त्या महिन्यात तिने शेजारच्या खाटांवरच्या सगळ्या बायांचे मोजे आणि चिंध्या सोडायला लावल्या, आणि कोणी पाणी दिलं की प्यायली, भाकर दिली की खाल्ली. पहिल्या दिवशी तिने ते केलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं. माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता.

मी कितीतरी वर्षं मंडळीत सांगत आलो होतो की सेवा करणं हीच मोठी गोष्ट. आता सांगत नाही. सेवा करायला माणूस थोडा भला असला तरी चालतो. करून घ्यायला मात्र मोजा काढावा लागतो. देवाच्या पुढे आपण जे धुऊन नेतो ते त्याच्या काय कामाचं, हे मला एका नव्या पाळकाने आणि एका टोपलीभर मोहाने शिकवलं.

या वर्षी मोह बेताचाच होता. तरी गुरुवारी पावणेअकराला मी अंगणात पोचलो तेव्हा आत्याबाई हातपंपापाशी उभी होतीच, अनवाणी, काठीशिवाय, डाव्या पायावर एक गुलाबी व्रण मिरवत. पायांवर राख, सकाळी मावशीबरोबर रानात जाऊन आली होती. पंपाच्या दांड्याला तिने दोरी बांधून ठेवली होती, कोणी वापरू नये म्हणून. तिने माझे पाय पाहिले. जुनी सवय, मी पहाटे दगडाने घासून आलो होतो.

"हे काय होय?" तिने विचारलं.

"पाय."

"तेल लावून आला? कोणाले दाखवतं? जा, मागं मोहाचं झाड आहे, जा."

आणि मी, मंडळीचा सचिव, तीन तालुक्यांत गाजलेला खलनायक, धोतराचा सोगा वर धरून चर्चच्या मागे राखेत नाचत होतो. आतून गाणं सुरू झालं होतं. मी दोन्ही पाय चांगले काळे केले आणि धावत आलो. आत्याबाईने खाली वाकून पाहिलं, बोटांच्या मधेसुद्धा.

"आता बस," ती म्हणाली, आणि माझ्या आधी जाऊन पहिल्या खुर्चीवर बसली.